टेबलापलीकडचा माणूस

हॉटेलात शिरलो की आपण हाक मारतो, ‘ए पोऱ्या, पाणी आण!’ पोऱ्या चाळिशीचा असला तरी हाक तीच. नारायण सुर्वे यांनी लहानपणी हॉटेलात काम केले होते, हे आम्ही कविमंडळी अभिमानाने सांगतो. समोरच्या वेटरचे नाव विचारायचे मात्र आम्हालाही सुचत नाही.

त्याचा दिवस कसा असतो? सकाळी नाश्त्याची गर्दी, दुपारी जेवणाची, मग दोन-तीन तास रिकामे आणि पुन्हा रात्रीची वर्दळ. मधल्या वेळात तो जाणार कुठे? घर गावाकडे. मग पोटमाळ्यावर नाहीतर बाकड्यावर अंग टाकायचे. हे तास कामात धरले जात नाहीत. पण ते त्याचेही नसतात. ‘राहणे-जेवण फुकट’ ही सोय खरी, पण नोकरी गेली की छप्परही जाते. मग तक्रार कोण करील?

कायदा आहे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तास ठरवले, आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी दिली. पण या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होत्या. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि दिवसाचे तास दहावर नेण्यास मंजुरी दिली. आता तुमच्या नाक्यावरच्या हॉटेलात माणसे मोजून पाहा!

दुसरी गोष्ट बिलाची. ‘सेवा शुल्क’ हा सरकारी कर नव्हे. ते जमा होते मालकाच्या गल्ल्यात. ग्राहकाला वाटते, वेटरला पोचले. म्हणून तो टीप ठेवत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये हे शुल्क परस्पर बिलात लावण्यास मनाई केली आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ग्राहक सुटला, वेटरचे काय? त्यात आता पैसे मोबाइलवरून दिले जातात. बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे पडेनासे झाले.

टीप ही आपली खुशी, पगार हा त्याचा हक्क. पगार तुटपुंजा ठेवून उरलेले टिपेवर सोडले की अंगात ताप असला तरी त्याला हसतच वाढावे लागते.

आपल्याला काय करता येईल? ‘पोऱ्या’ऐवजी ‘भाऊ’ म्हणावे. टीप रोख, त्याच्या हातात द्यावी. आणि शटर अर्धे खाली आले असताना नवी ऑर्डर देऊ नये. आपण बडीशेप चघळत घरी निघतो, तेव्हा त्याचे जेवण व्हायचे असते.