पिकणे आणि नासणे

फळ झाडावर तयार होण्यास महिने लागतात. पिकलेले फळ नासण्यास चार दिवस पुरतात. त्या चार दिवसांतच उत्पादकाचे नशीब ठरते, हे आंब्याची आढी लावणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको. परंतु हापूसला निदान पेटी आहे, मालमोटार आहे, मुंबईची बाजारपेठ आहे. वैनगंगेकाठच्या बालाघाट आणि शेजारच्या शिवनी जिल्ह्यातील वनपट्ट्यात सीताफळे वेचून विकणाऱ्याजवळ यांपैकी काय असते? डोळे उघडलेले सीताफळ दोन-चार दिवसांत मऊ पडते. शीतगृहाची कडक थंडी त्यास मानवत नाही, साल काळवंडते. सायंकाळी मिळेल त्या भावाने टोपली रिती करणे एवढेच त्याच्या हाती उरते.

ही अगतिकता अटळ नाही, असे विज्ञान आता सांगू लागले आहे. फळात इथिलीन वायू निर्माण झाला की अनेक जनुके कार्यरत होतात. काही रंग आणतात, काही गोडी आणि सुवास. तर काही पेशीभित्तिकांतील पेक्टिन विरघळविणारी विकरे घडवितात. म्हणजे पिकणे व मऊ पडणे या गोष्टी बरोबरीने घडत असल्या तरी एक नव्हेत. अमेरिकेत १९९४ साली असे एकच विकर दडपून 'फ्लेव्हर सेव्हर' टोमॅटो बाजारात आला. तो अपेक्षेइतका टणक राहिला नाही आणि काही वर्षांतच नाहीसा झाला. पुढे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने दुसरी दोन विकरे रोखली, तेव्हा साधे टोमॅटो १५ दिवसांत सुरकुतू लागले, तर हे ४५ दिवसांपर्यंत टणक राहिले. रंग व चव न बिघडविता टोमॅटोचे मऊ पडणे लांबविता येते, हे २०१६ साली इंग्लंडमधील संशोधकांनीही दाखवून दिले.

टोमॅटोवर साधले ते वृक्षांवर लगेच साधेल, असे मात्र नाही. कलमास फळ धरण्यासच वर्षे लागतात, आणि नफा पाहणारी कंपनी इतकी वाट पाहील ती श्रीमंत बाजारपेठेच्या फळासाठी. रानातल्या सीताफळासाठी नव्हे. म्हणून हे कार्य दापोली व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांसारख्या सार्वजनिक संस्थांनीच अंगावर घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परके जनुक न घालता केलेल्या जनुकसंपादनास केंद्र सरकारने २०२२ साली काही कडक नियमांतून सूट दिली. ही सूट म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे. चव आणि निर्धोकपणा यांची कसोटी उघडपणे लागलीच पाहिजे.

कायद्याने बंदी असलेल्या कार्बाइडने आजवर फळास घाई करावयास लावली, ती व्यापाऱ्याच्या सोयीसाठी. आता फळास थोडे थांबावयास लावण्याची विद्या हाती येत आहे. तिने मिळणारे दिवस टोपलीवाल्याच्या पदरात पडले, तरच ती विद्या सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.