यंत्रांचा सात-बारा

पीककर्जासाठी सात-बारा हवा असलेला औशाचा शेतकरी केंद्रावर येतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे ऐकून परततो. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारा, अहोरात्र चालणारा संगणक. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. तेव्हापासून अशा यंत्रांची निगा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही, असे आम्हांस वाटते.

ही निगा पुष्कळ ठिकाणी एकाच जाणत्या माणसाच्या डोक्यात असते. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फेरे फिरवावयाचा हे जसे व्हॉल्व्हमनलाच ठाऊक, तसाच हा प्रकार. तो रजेवर गेला, की काम अडले.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच १९९३ साली ओस्लो येथे मार्क बर्जेस यांनी यावर उपाय म्हणून ‘सीएफइंजिन’ रचले. यंत्र कोणत्या स्थितीत असावे, एवढेच लिहावयाचे. फरक पडला तर तो आज्ञावलीनेच दुरुस्त करावयाचा. टाकीतील बॉलकॉकला आपण पाण्याचा हिशेब सांगत नाही. पातळी तेवढी ठरवून देतो. पुढे २०१२ साली ‘अ‍ॅन्सिबल’ आणि २०१४ साली ‘टेराफॉर्म’ आले. आता एका लेखी मजकुरावरून शंभर सर्व्हर एकसारखे उभे करता येतात.

परंतु लेखी म्हणजे बिनचूक नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष फाईल आपोआप जगभर पोहोचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांचे पास हाताने लिहावे लागले. हाताची चूक एका यंत्रापुरती असते. आज्ञेची चूक सर्वत्र जाते.

यावरचा बंदोबस्त आपल्या महसुली दप्तरात जुनाच आहे. सात-बारा आजची स्थिती सांगतो. ती कशी बदलत गेली हे फेरफार सांगतो. शिवाय फेरफाराची नोंद करणारा एक आणि ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी दुसरा. यंत्रांच्या मजकुराचीही हीच रीत असावी: प्रत्येक बदलाची तारीख व कर्ता नोंदावा, दुसऱ्याने तो तपासावा आणि आधी थोड्याच यंत्रांवर लागू करावा.

मात्र लेखी आज्ञेने यंत्र पुन्हा उभे राहते, त्यातील नोंदी परत येत नाहीत. त्यांची प्रत निराळी ठेवावी लागते. म्हणून नांदेड-लातूरच्या बँका, महाविद्यालये व रुग्णालये यांना आपण नागरिकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत, असे आम्ही सुचवितो. तुमची व्यवस्था लिहून ठेवलेली आहे काय? आणि नोंदींची प्रत उघडून शेवटी केव्हा पाहिली?