लेकराचा आधार कुणाच्या मोबाईलवर?

शेंदुरसनीचा आकडा एव्हाना सगळ्यांना पाठ झाला आहे. यवतमाळच्या आर्णी तालुक्यातलं दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आणि २०२५ सरता सरता तिथे निघालेल्या जन्मनोंदी २७ हजारांवर! त्यावर राजकारण भरपूर झालं. मला धास्ती वेगळी आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाचा शाळाप्रवेश आणि आधार जन्मदाखल्यावरच उभा राहतो. ती नोंदच कुणाला घरबसल्या खोटी करता येत असेल, तर पुढच्या कुलपांचा उपयोग काय?

लेकरांच्या नावावर खाणं आपल्याकडे नवं नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावावी लागली होती. अनुदानासाठी हजेरीपटावर नावं होती, वर्गात मुलं नव्हती. तेव्हा निदान चोरी पकडायला बोट तरी होतं.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या बाल आधारात तेही नाही. ना बोटांचे ठसे, ना डोळ्यांची बुबुळं. फोटो आणि आईबापाच्या आधाराशी जोडणी, एवढंच. म्हणजे राखण करतो तो मोबाईल नंबर. नागपूर, हैदराबाद आणि चंद्रपूरचे रस्ते जिथे फुटतात त्या जाम गावच्या चौरस्त्यावर कामाला येणाऱ्या कुटुंबाने घाईत शेजाऱ्याचा किंवा फॉर्म भरून देणाऱ्याचा नंबर दिला असेल, तर ओटीपी त्याच्याकडेच जाणार. म्हणून पासवर्डाच्या गोष्टी नंतर. आधी लेकराच्या आधारला कोणता नंबर जोडलाय ते आधार केंद्रात जाऊन पाहा. माझ्या मते यापेक्षा मोठी खबरदारी नाही.

पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. सात वर्षं उलटूनही पहिली फेरी राहिली, तर आधार बंद पडू शकतं. सात ते पंधरा वयाच्या मुलांसाठी या अद्ययावतीकरणाचं शुल्क १ ऑक्टोबर २०२५पासून वर्षभरासाठी माफ करण्यात आलं. ठसे दिले की बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, हे आधी विचारा.

शाळेतून येणारा ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकाचा फॉर्म हे संमतीपत्र आहे, हेही पालकांना कुणी धड सांगत नाही. आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८लाच स्पष्ट केलं. तरी शाळेच्या खिडकीवर मागणी होते आणि आपण मुकाट कागद सरकवतो.

२०१९च्या दुरुस्तीनुसार, लहानपणी काढलेलं आधार अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत रद्द करून मागता येतं. जामच्या अंगणवाडीत आज बसलेल्या लेकराला ती मुभा २०४०च्या आसपास मिळेल. तोवर त्याच्या वतीने सही आपणच करतो आहोत.