मुरलीकांत पेटकर आणि बसून फेकलेला भाला

भालाफेकीचा वेग धावण्यातून येतो. पाय, कंबर, खांदा या क्रमाने तो हातात उतरतो. मग पायांत बळ नसलेल्याने भाला कसा फेकावा? १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक पटकावले. तेथेच ते भालाफेकीतही उतरले. एका प्रकारात अंतर मोजले जाई, दुसऱ्यात लक्ष्यावरचा नेम. बसून फेकताना सारा जोर धड, खांदा व मनगट यांतूनच काढावा लागतो. त्यांना पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडले. मंठ्याच्या मैदानावर दिव्यांग विद्यार्थ्याच्या हातीही भाला वेळेवर पोहोचला पाहिजे.