मोटारीच्या गंजलेल्या तळाची दुरुस्ती

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की जुन्या मोटारीच्या मालकाने एक काम अवश्य करावे. पायाखालच्या रबरी चटया व त्यांखालील तागाचे अस्तर उचलून तळाचा पत्रा पाहावा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात किनाऱ्याकडील हवा खारी. पाणी व प्राणवायू मिळाला की लोखंड गंजते आणि मिठाने ती क्रिया झपाट्याने वाढते. ओले अस्तर पत्र्याला महिनोन्महिने चिकटून राहिल्याने तळ पुष्कळदा वरच्या बाजूने कुजत जातो आणि खालून पाहणाऱ्यास शाबूत भासतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तो ठोकून पाहावा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

जीपचा तळ वेगळ्या चासीवर बसविलेला असतो. ज्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले त्या ॲम्बेसडर गाड्यांना किंवा प्रीमियर पद्मिनीला तशी स्वतंत्र चासी नाही. तळ, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब व छप्पर मिळूनच त्यांचा सांगाडा बनतो आणि आसनांचे आधारही त्याच तळावर असतात. तळ कुजलेला असेल, तर अपघातात आसन जागचे उखडू शकते. म्हणून भोकावर पत्र्याचे ठिगळ रिव्हेटने ठोकून वर डांबर फासणे ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक होय. असे काम अर्ध्या दिवसात उरकते व स्वस्त पडते, हे खरे; परंतु डांबराखाली कोंडलेली ओल गंजाला पोसतच राहते.

कारागिराने प्रथम बॅटरीची तार सोडावी, आसने व अस्तर बाहेर काढावे. तळालगत जाणारी पेट्रोलची नळी दूर केल्यावाचून वेल्डिंगला हात लावू देऊ नये. दरवाजांखालची पट्टीही खाल्ली गेली असेल, तर कापण्यापूर्वी गाडीला खालून भक्कम टेकू द्यावा. नाहीतर सांगाडा वाकतो व मग दरवाजे बसत नाहीत. गंजाच्या कडेशी न थांबता चकचकीत, धड पत्रा लागेपर्यंत कापीत जावे. नवा पत्रा १८ ते २० गेजचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असावा. मूळ तळावरील उंचवटे शोभेचे नसून बळकटीसाठी असतात. ते नव्या तुकड्यातही उठवून घ्यावेत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरल्यास कडांवरील जस्त घासून काढावे, कारण वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर अपायकारक असतो. आधी अंतराअंतराने, आलटून पालटून टाके द्यावेत आणि मगच सांधा पुरा करावा. एका दमात वेल्डिंग ओढले, तर उष्णतेने पत्रा पिळवटतो.

त्यानंतर सांधे सीलरने बुजवून दोन्ही बाजूंस गंजरोधक प्रायमर व रंग द्यावा. पाणी निघून जाण्याची मूळ छिद्रे मात्र बुजवू नयेत.

पाणी आत आले कोठून, याचा शोध बहुतेक जण घेत नाहीत. पुढील काचेची रबरी किनार आणि पालापाचोळ्याने तुंबलेली दरवाजांच्या तळाची छिद्रे आधी तपासावीत. नवे अस्तर घालण्यापूर्वी गाडीवर नळीने पाणी सोडावे व आत एकाने बसून ते कोठून झिरपते ते पाहावे.