नदीकाठची शाळा : लेखांक ३
आधी तळ वाचा, मग गळ टाका

तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहिलं तर उचगावच्या माणसाला ट्रक दिसतात, नदी दिसत नाही. पण इथून महामार्गानं पुण्याच्या दिशेला निघालं की शिरोलीच्या पुलाखाली पंचगंगा, आणि गांधीनगरातून वळिवड्याचा रस्ता धरला तरी पंचगंगाच. मागच्या दोन लेखांकांत आपण काठी, रीळ, तंगूस आणि गळाची गाठ पाहिली. सामान जमलं. आता ते घेऊन बसायचं कुठे?

माझे पहिले सहा रविवार कोरडे गेले. गळ धारदार होता, काडू (गांडूळ) ताजे होते, बसायला बाभळीची सावलीही होती. चूक त्या सावलीतच होती. जागा मी माझ्या सोयीनं निवडली होती, माशाची सोय पाहिलीच नव्हती.

मिशा कशासाठी?

या लेखमालेत आपण ज्यांच्या मागे आहोत ते मिशाळ मासे, म्हणजे मुख्यतः खडस आणि त्याची भावकी. खडसाला बाहेर महाशीर म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतला हा मासा शास्त्रात नोंदवला, तेव्हा त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं. ते इथल्याच बोलीतून उचललेलं. आपल्या कोळशीचं शास्त्रीय नावही तसंच, ‘कोलस’. इंग्लंडच्या नद्यांत गळकरी ज्याच्यासाठी दिवसचे दिवस बसतात तो बार्बेल हा यांचाच लांबचा नातलग. अंगयष्टी थोडी निराळी, पण चरायची रीत बरीचशी तीच.

ही रीत तोंडावरच लिहिलेली असते. तोंड खालच्या अंगाला, ओठ जाड, आणि ओठांच्या कडेला मऊ मिशा. या मिशांना चव कळते. गढूळ पाण्यात किंवा अंधारात मासा तळावरून मिशा फिरवत जातो आणि गोट्यांच्या फटीतली अळी, शिंपला, गोगलगाय चाखूनच उचलतो. जबड्यात दात नसतात. दात घशात, आणि ते शिंपला फोडण्याइतके मजबूत.

खडस ओळखायचा तर खवले मोजा. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध जी रेघ जाते, तिच्यावर खडसाचे खवले २५ ते २७ भरतात. राहूचे चाळिसाच्या पुढे जातात. म्हणजे खडसाचा एकेक खवला चांगला रुपयाएवढा.

बरगे घातल्यावरची नदी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालतात, पाऊस सुरू होताना काढतात. शेतीला याचा मोठा आधार आहे. पण गळ घेऊन बसणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की बरगे घातल्यावर नदी वाहायची थांबते आणि तिची एकामागोमाग एक तळी होतात. तळाला गाळ बसतो. साचल्या पाण्यात चिलापी सुखानं राहते, खडसाला मात्र वाहतं, गार, हवा मिसळलेलं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो.

त्यामुळे शिरोली ते वळिवडे या टप्प्यात खडस लागेल अशी आशा धरून बसू नका. इथे शिकायचं. चिलापी, राहू, कानोशी गळाला लागली तरी हात बसतो. इचलकरंजीपासून खाली शिरोळपर्यंत प्रदूषणानं मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतोच. तिथला मासा गळाला लागला तरी ताटात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोट्यांचा तळ हवा असेल तर वर सरका, भोगावती, कुंभी, कासारीच्या अंगाला.

तिथे गेल्यावर लगेच काठी उघडू नका. अर्धा तास नुसतं पाणी बघा. जिथे पाणी खळाळतं आणि पुढे डोहात उतरतं, तो उतार पहिली जागा. वेगाची धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये फेसाची रेघ दिसते, ती दुसरी. बुडालेल्या मोठ्या दगडाच्या मागचा आडोसा तिसरी. आणि पाण्यावर झुकलेलं उंबराचं झाड ही सगळ्यात सोपी खूण. पिकलेली उंबरं पाण्यात पडतात आणि महाशीर ती आवडीनं खातात.

तळ डोळ्यांना दिसत नसेल तर हाताला विचारा. गळ न लावता नुसतं शिसं टाका आणि हळूहळू ओढा. गोट्यांवरून ते टकटक करत येतं, वाळूवरून गुळगुळीत, गाळात जड होऊन. दहा-बारा वेळा असं केलं की नदीच्या पोटाचा नकाशा बोटांत उतरतो. आजचा धडा एवढाच घेतला तरी पुरे.

काय लावायचं, कसं टाकायचं

काडू कुठेही चालतो. कणकेची घट्ट गोळीही चालते, पण धारेत लवकर विरघळते. कावेरीकाठचे गळकरी महाशीरासाठी नाचणीचं पीठ उकडून, मळून गोळा लावतात. आपल्या पन्हाळा, शाहूवाडीकडे नाचणी पिकतेच, तेव्हा हा प्रयोग महाग नाही.

मासा तळाशी चरतो, म्हणून आमिषही तळाशी हवं. भोक असलेली शिशाची गोळी तंगुसात ओवा, तिच्यापुढे एक गाठ मारून वीतभर अंतरावर गळ बांधा. गोळी तळाला बसते आणि तंगूस तिच्यातून मोकळा सरकतो, त्यामुळे आमिष उचलताना माशाला वजन जाणवत नाही. गोळी किती जड? धारेत जागेवर जेमतेम थांबेल एवढीच. आमिष धारेच्या वर, थोडं तिरकं टाका आणि पाण्यालाच ते खाली आणू द्या.

काठी हातातच धरा. जमिनीत खोचून चहाला गेलात तर काठीही जाईल. कोळशीसारखा मासा आधी टुकटुक करतो. खडस तसं काही सांगत नाही, एकदम ओढतो आणि धारेच्या दिशेनं पळतो. तेव्हा रीळ घट्ट आवळू नका, पळू द्या, दमू द्या. कर्नाटकात काबिनी नदीत १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महाशीर काढला होता. तो खडसाचा कुबडा भाऊबंद. आपल्याला किलोभराचा लागला तरी पहिल्या झटक्यात मनगट शहाणं होतं.

गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. मासा निसटण्याची भीती थोडी वाढते, पण सोडताना त्याचा ओठ फाटत नाही. हात ओले करूनच मासा धरा, तापल्या दगडावर ठेवू नका. पाण्यात त्याचं तोंड धारेकडे करून धरा. तो आपणहून शेपटी मारेल, मगच हात काढा.

काही गोष्टी नकोतच

बंधाऱ्याच्या पायथ्याला मासे जमतात, पण तिथलं पाणी आत ओढतं, आणि वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. पाण्यात उतरू नका, काठावरूनच टाका. कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबर भागात मगरी आहेत, तेव्हा नृसिंहवाडीकडे गेलात तर काठापासून दोन पावलं मागेच बसा. राधानगरी अभयारण्यात गळ नेऊच नका. तलाव आणि धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे आधी विचारा. जिलेटिनचा बार किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका.

आणि केव्हा?

इंग्लंडमध्ये नद्यांवरची गळबंदी १५ मार्चला सुरू होते आणि १६ जूनला उठते. तिथले मासे वसंतात अंडी घालतात, म्हणून. आपल्याकडे नेमका ही बंदी उठायच्या सुमारास मृगाचा पाऊस पडतो आणि मासे चढणीला लागतात. पहिल्या गढूळ पाण्याबरोबर ते अंडी घालायला वर निघतात. खडसाची अंडीही पावसाळ्यातच, गोट्यांच्या वाहत्या पाण्यात पडतात. चढणीचे मासे धरायला त्या दिवसांत ओढ्या-ओढ्यावर गर्दी होते. मीही लहानपणी त्या गर्दीत होतो. आज मला ते चुकीचं वाटतं. पोटात अंडी घेऊन निघालेली एक मादी धरली की पुढच्या सालाचे किती मासे गेले, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

म्हणून या लेखमालेचा नियम सोपा आहे : मृग लागला की काठी माळ्यावर, दिवाळीनंतर खाली. मधल्या काळात शिकायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर महाडजवळ वाळणकोंडला जा. काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात, त्यामुळे त्यांना कुणी धरत नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महाशीर वर येतात. ते धारेकडे तोंड करून कसे उभे राहतात, कुठून येतात, खाऊन कुठे जातात, तासभर बघा. जाताना गळ घरीच ठेवा.

(पुढच्या रविवारी : शिशाचं वजन आणि धारेचा वेग)