पोटातला बँड काढायचा की ठेवायचा? आधी त्यातलं पाणी काढून बघतात

वजन घटवायला जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा बँड बसवलेल्या अनेकांना काही वर्षांनी हा प्रश्न पडतो. घास अडकतो, झोपेत आंबट पाणी घशाशी येतं. पण म्हणून लगेच ऑपरेशन नको. कातडीखालच्या पोर्टमधून सुईने बँडमधलं सलाईन काढलं की बऱ्याच जणांना आराम पडतो. हे काम मात्र बँडची माहिती असलेल्या सर्जनचंच.

बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत बँड सरकलाय का ते दिसतं. दुर्बिणीच्या तपासणीत तो जठरात रुतलेला निघाला तर काढावाच लागतो. पाण्याचा घोटही टिकेना, पोटात कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट बघू नये, थेट मोठं हॉस्पिटल गाठावं.

त्रास नसेल तर नुसता जुना झाला म्हणून काढायची गरज नसते. काढला की भूक परत येते, वजनही बहुधा वाढतं. पुढं स्लीव्ह करायची की बायपास, हे आधीच विचारून घ्यावं.